आधी नळी, मग निरांजन

आमचं यंत्र वडिलांच्या घरी नेऊन ठेवलं, त्याच संध्याकाळी आईनं त्यावर कापडी पिशव्या ठेवल्या. मुद्दाम नव्हे. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीची, सपाट माथ्याची वस्तू आली की तिच्यावर काहीतरी ठेवलं जातंच. पण वडील खुर्चीतून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते माझ्या दहावीच्या निकालालाही दिसलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "बाकीच्यांना तीन वर्षं लागायची. तुझ्या यंत्रानं एका दिवसात गाठलं."

वडील सरकारी रुग्णालयाच्या भांडारात नोकरीला होते. खाटा, सलाईनचे स्टँड, वाफेची यंत्रं, सगळं त्यांच्या सहीनं आत यायचं आणि मोडलं की त्यांच्याच सहीनं बाहेर जायचं. त्या नोकरीतून त्यांनी एक सिद्धांत काढला होता आणि आम्ही तो लहानपणापासून वरणभाताबरोबर खात आलो. देशी यंत्र पहिल्या वर्षी चालतं. दुसऱ्या वर्षी चालवावं लागतं. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर पिशव्या ठेवतात.

सिद्धांत अगदीच निराधार नव्हता. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर व्हायची, घशातला कफ ओढायची स्वस्त यंत्रं यायची आणि थोड्याच दिवसांत पेशंटपेक्षा जास्त घरघरायला लागायची. वॉर्डातल्या सिस्टर येऊन बोलायच्या ते वडिलांना. बनवणारा कधी फिरकायचा नाही. 'स्वस्त' या शब्दाचा त्यांना जो राग बसला, तो त्यांनी निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शालीबरोबर घरी आणला.

अशा माणसाच्या मुलीनं स्वस्त वैद्यकीय यंत्रं बनवायचा धंदा काढला. वाघोलीच्या पुढे नगर रस्त्याला आमची शेड आहे. इलेक्ट्रॉनिक्स नवरा बघतो. खरेदी, माणसं, तपासणी आणि भांडणं मी बघते. आम्ही प्राणवायू देणारी यंत्रं बनवतो, ज्याला सगळे कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. त्यात जादू काही नाही. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं. आत दोन नळकांडी असतात, साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांनी भरलेली. हवा दाबून आत सोडली की दाणे तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला प्राणवायू नळीतून पेशंटच्या नाकाशी जातो. एक नळकांडं भरलं की झडप फिरते, 'फुस्स' होतं, दुसरं सुरू होतं. हे अखंड.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्यात ज्याच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन होतं तो प्रत्येक जण कॉन्सन्ट्रेटर बनवायला निघाला होता. लाट ओसरली आणि ती मंडळी पुन्हा स्विचबोर्डच्या पेट्यांकडे वळली. आम्ही राहिलो. कारण सोपं होतं. लाट गेली तरी ज्यांची फुप्फुसं कामातून गेलेली असतात ती माणसं कुठे जात नाहीत. ती घरात बसून परदेशी यंत्राचं भाडं भरत असतात.

वडील शेडवर एकदाच आले. वास्तुशांतीचे पेढे खायला नव्हे, तपासणीला.

"हे दाणे कुठले?"

"बाहेरचे."

"कॉम्प्रेसर?"

"तोही बाहेरचा. सध्या."

"झडपा?"

"भोसरीच्या. सर्किट बोर्ड आपला. पेटी आपली."

"म्हणजे परदेशी पोटाला देशी सदरा," ते म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून निघाले.

मी त्यांना रिक्षेत बसवलं. मग आत येऊन भिंतीवरच्या फळ्यावर दोन रकाने आखले. आपलं काय, परक्याचं काय. तो फळा अजून आहे. दरवर्षी काही नावं उजवीकडून डावीकडे येतात. कॉम्प्रेसर अजून आलेला नाही. मी खोटं सांगणार नाही, पण त्यांचं ते वाक्यही विसरणार नाही.

मग त्यांचीच फुप्फुसं बिघडली. जिना चढून आले की बोलता येईना. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि कारण बहुधा कबुतरं असावीत. गॅलरीत त्यांची वस्ती होती आणि ती घाण वर्षानुवर्षं वडील स्वतः झाडायचे. "अख्ख्या नोकरीत सरकारला मला मोडीत काढता आलं नाही, ते कबुतरांनी करून दाखवलं," वडील म्हणाले. डॉक्टर हसले. मी हसले नाही. पुढचं वाक्य मला माहीत होतं. घरी प्राणवायू लागेल, झोपेत आणि जागेपणी, जवळजवळ दिवसभर.

आता पुढचं सांगताना मला अजूनही राग येतो.

मी म्हटलं, उद्या यंत्र आणून लावते. ते म्हणाले, "तुझं यंत्र घेतलं असतं गं. पण मला जगायचंय."

आणि पेठेतल्याच एका सर्जिकलच्या दुकानातून त्यांनी परदेशी यंत्र भाड्यानं आणलं. पेन्शनचा मोठा घास दर महिन्याला त्या भाड्यात जायला लागला. आईचा मोतीबिंदू पिकला होता, तिचं ऑपरेशन दिवाळीआधी ठरलं होतं. ते "दिवाळीनंतर बघू" झालं. मी पैसे देते म्हटलं तर, "मुलीच्या पैशानं डोळे? नको." मी यंत्र देते म्हटलं तर, "मुलीच्या यंत्रानं श्वास? नकोच." आई मधल्यामध्ये धूसर बघत बसलेली. भाजी निवडताना ती पालक डोळ्यांपाशी नेऊन बघायची आणि मी ते बघत असले की पटकन खाली धरायची.

म्हणून मी एक यंत्र टेम्पोत घालून तिथे नेऊन ठेवलं. "अडीनडीला असू दे," म्हटलं. त्यावर पिशव्या आल्या. आठवड्यानं जाऊन बघितलं तर पिशव्यांवर वर्तमानपत्रांची रद्दी.

भाड्याच्या यंत्राचं मात्र कौतुक चाललेलं. करड्या रंगाचं, चाकं असलेलं. आई रोज ते पुसायची. दुकानातला माणूस घरी येऊन बटणं दाखवून गेला, वडिलांना दोनदा 'सर' म्हणाला आणि एक जाड पुस्तिका देऊन गेला. यंत्राच्या पुढच्या बाजूला लाल वर्तुळात एक पेटती सिगारेट आणि तिच्यावर फुली. वडिलांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं.

"हे आपल्याला लागू नाही," ते म्हणाले.

आमच्या घरात हा अभिमानाचा विषय आहे. वडिलांनी सिगारेट सोडा, उभ्या जन्मात सुपारीही खाल्लेली नाही. भांडारात सगळे विड्या ओढायचे तेव्हा हे बडीशेप चघळायचे. मी तिथेच उभी होते आणि माझ्या मनात एवढंच आलं की चला, या एका बाबतीत तरी काळजी नाही.

पाडवा आला. दिवाळीतल्या पाडव्याला आमच्याकडे आई वडिलांना ओवाळते आणि तिच्यानंतर मी. लग्नानंतरही हे चुकलेलं नाही. वर्षभर आमचं कितीही वाजलेलं असो, पाडव्याला मी ताट घेऊन जाते. त्या वर्षी बोलणं जवळजवळ बंद होतं, तरी गेले. नवरा गाडी लावायला जागा शोधत राहिला. मी जिना चढून आले.

दार उघडंच होतं. आईनं माझी वाट पाहिली नव्हती. तिचं सगळं मुहूर्तावर असतं. वडील खुर्चीत, अंगावर नवा सदरा. आंघोळीचा त्रास नको म्हणून आईनं शकुनापुरतं सुवासिक तेल त्यांच्या कपाळाला, गालांना आणि मिशांना लावलं होतं. नाकात नळी, यंत्र चालू. कुंकू लावून झालं, अक्षता झाल्या, सुपारी-अंगठी झाली. मग तिनं निरांजनाचं ताट उचललं. मोतीबिंदूमुळे तिला अंतर कळत नव्हतं. ताट जितकं लांब धरायला हवं त्याच्या निम्म्यावर होतं.

"आई, थांब!" मी ओरडले.

मिशी पेटली. हळूहळू नाही, कागद पेटतो तशी. मग नाकाखालची नळी. ज्योत नळीवरून छातीकडे सरकायला लागली, भुईचक्रासारखी फुरफुरत. आईनं ताट टाकलं आणि दोन्ही हातांनी नळी त्यांच्या कानांवरून ओरबाडून काढली. मी यंत्राचा प्लग ओढला. जमिनीवर पडलेली नळी यंत्राच्या तोंडापर्यंत जळत गेली, प्राणवायू थांबल्यावर विझली आणि खोलीभर प्लास्टिकचा न् केसांचा वास राहिला.

वडिलांचा वरचा ओठ सोलल्यासारखा लाल झाला होता. त्यांना धाप लागली होती. यंत्राचं नळी जोडायचं तोंड वितळून वाकडं झालेलं. सर्जिकलचं दुकान भाऊबीजेपर्यंत बंद.

मी रद्दी ढकलली, पिशव्या फेकल्या आणि आमच्या यंत्राचं बटण दाबलं. नवी नळी खोक्यातच होती. 'फुस्स' झालं. वडील माझ्याकडे बघत होते. बोलायची सोय नव्हती म्हणून बोलले नाहीत. नाही तर त्याही अवस्थेत काहीतरी ऐकवलं असतं.

जवळच्या दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. ओठ बघितला, जळके केस बघितले, प्राणवायूचं ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, ऑक्सिजन चालू असताना सिगारेट ओढत होता ना?"

वडिलांच्या ओठावर मलमाची पट्टी. डोळे मात्र मोकळे होते.

"अहो डॉक्टर," आई म्हणाली. तिच्याही बोटांना मलम लावलेलं होतं. "यांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही."

"सगळे असंच सांगतात, आजी. कागदावर काय लिहू?"

"निरांजन लिहा," मी म्हटलं.

त्यानं पेन थांबवलं. "म्हणजे कॅन्डल?"

"पाडवा आहे आज. तुम्हाला कुणी ओवाळलं नाही का?"

"ड्युटी आहे, मॅडम," तो म्हणाला आणि काहीतरी लिहिलं. काय ते मी वाचलं नाही. वडिलांनी वाचलं असावं, कारण परतताना गाडीत त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं ते घर येईपर्यंत वळवलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मी जळकी नळी पिशवीत घालून आणि ते यंत्र डिकीत टाकून दुकानात गेले. भांडायला जायचं असलं की मी मुद्दे आधी काढून ठेवते. इथे तीन होते.

दुकानदार गोड बोलणारा होता. असे लोक मला जास्त खटकतात. "अरेरे," त्यानं वितळलेलं तोंड बघून म्हटलं. "हे वॉरंटीत बसत नाही हो. अनामतीतून जाईल. वापरणाऱ्याची चूक आहे."

"कोणती?"

"ज्योत जवळ आणली ना? पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय."

"कुठल्या भाषेत?"

त्यानं पुस्तिका चाळली. "पुष्कळ भाषा आहेत."

"मराठी?"

"मॅडम, परदेशी कंपनी आहे."

"हिंदी?"

"अहो, ते लोक—"

"ते लोक सोडा. यंत्र त्यांनी नाही, तुम्ही घरात आणून लावलंत. तुमचा माणूस बटणं दाखवून गेला, दोनदा 'सर' म्हणाला. दिवाळी तोंडावर होती. निरांजन, उदबत्ती, तेल, एक शब्द बोलला का? चित्र काय आहे, तर सिगारेट. माझ्या वडिलांनी सिगारेट ओढली नाही म्हणून ते भाजले. ओढत असते तर वाचले असते."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. त्यांतल्या एका बाईंनी हातातली वाफेच्या यंत्राची पुस्तिका उलटसुलट करून बघितली. दुकानदारानं तेही पाहिलं. अनामत पूर्ण परत मिळाली, वर "काळजी घ्या" असं तोंड वाकडं करून मिळालं.

मी जिना चढले ती जिंकून. पेन्शन सुटली, भाडं संपलं, आमचं यंत्र चालतंय. आता बोला म्हणावं.

वडील खुर्चीत होते. ओठावर खपली, मिशीच्या जागी गुलाबी कातडी. इतकी वर्षं मिशीनं झाकलेला तो ओठ फार पातळ होता आणि त्यामुळे ते आणखी कजाग दिसत होते. मी दुकानातलं सगळं सांगितलं. पुस्तिका, भाषा, सिगारेट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे संशयास्पद होतं.

"झालं?"

"झालं."

"हे बघ." त्यांनी पायानं आमचं यंत्र थोडं फिरवलं.

यंत्राच्या पुढच्या बाजूला आमचा स्टिकर होता. लाल वर्तुळ. पेटती सिगारेट. फुली.

"गेले तीन दिवस मी याच्यासमोर बसलोय," ते म्हणाले. त्यांना एका दमात फार बोलता येत नव्हतं, म्हणून ते थांबून थांबून बोलत होते आणि प्रत्येक थांब्याला मला वाटत होतं की आता संपलं. "तू वाघोलीला बसून... कुणासाठी यंत्र बनवतेस? दाणे त्यांचे घेतलेस... समजू शकतो. इथे मिळत नाहीत. पण सिगारेटसुद्धा त्यांचीच?"

"पुस्तिकेत लिहिलंय आम्ही. उघड्या ज्वाळेपासून दूर ठेवा. हिंदीत पण आहे."

"पुस्तिका वाचायला तू घरोघरी भांडारपाल नेमलायस? माणसं चित्र बघतात. आणि म्हणतात... आपल्याला लागू नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाजलेली बोटं पदरात गुंडाळून. मला वडिलांच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

मी खाली येऊन गाडीत बसून राहिले. राग होता, पण तो दुकानदारावर काढता येत नव्हता. तो तर माझ्यासारखंच करत होता. परक्या देशातल्या माणसानं स्वतःच्या लोकांना काय होऊ शकतं याचा विचार करून जे चित्र काढलं, ते त्यानं पेटीसकट विकलं आणि मी पेटी बदलून विकलं. फळ्यावर 'आपलं' या रकान्यात मी तीन वर्षांपूर्वी 'स्टिकर' लिहिलं होतं. छपाई नारायण पेठेतली म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी सिगारेट पुसून निरांजन काढायला लावलं. नवरा म्हणाला, "बाहेर विकायचं झालं तर सिगारेट लागेल." मी म्हटलं, "सिगारेटही ठेव. कोपऱ्यात." नळीच्या मुळाशी एक छोटी जोडणी बसवायचं ठरवलं, ज्योत मागे आली की प्रवाह बंद करणारी. किंमत थोडी वाढली. नवरा त्यावरही कुरकुरला. मी त्याला आईची बोटं बघून यायला सांगितलं.

नवा स्टिकर घेऊन पेठेत गेले. लाल वर्तुळात निरांजन, त्यावर फुली. वडिलांनी बघून मान हलवली. आईनं चित्र डोळ्यांपाशी नेलं, आणि तिचा आवाज चढला.

"निरांजनावर फुली? पाडव्याच्या ताटावर?"

"अगं, सुरक्षेसाठी आहे ते."

"असेल. मी घरात लावू देणार नाही. आणि कुठलीच बाई देणार नाही. नखानं खरवडून काढेल."

ती बरोबर होती, हे मला लवकरच कळलं. तोवर तो स्टिकर लावून दिलेल्या यंत्रांपैकी एकाच्या घरून फोन आला. "यंत्र उत्तम आहे हो, पण ते चित्र आम्ही काढून टाकलं. सासूबाईंना अपशकुन वाटतो." भवानी पेठेतले एक व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी सरळ विचारलं, "ताई, आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी लोबान जाळतात. त्याच्यावर पण फुली मारणार का? माझी अम्मी यंत्रच बाहेर काढेल."

मी पुन्हा पेठेत गेले. वडिलांकडे नव्हे, आईकडे. वडील ऐकत होतेच.

"मग काय काढू?"

"फुली काढू नको," आई म्हणाली. "क्रम सांग. आधी काय करायचं, मग काय करायचं. बायकांना क्रम कळतो. नैवेद्य आधी, जेवण मग, तसं. आधी नळी, मग निरांजन."

म्हणून तीन चित्रं झाली. पहिलं, आजोबा तोंड पुसतायत आणि आजी नळी काढून यंत्र बंद करतेय. दुसरं, आजोबा सदरा बदलून गॅलरीत बसलेत, वारा लागतोय, म्हणजे कपड्यांत-केसांत मुरलेला प्राणवायू उडून जातो. तिसरं, ताट, निरांजन, ओवाळणं. लोबान आणि उदबत्तीची छोटी चित्रं त्याच रांगेत. फुली एकाही चित्रावर नाही. छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ज्यांना तेवढा वेळ नळीशिवाय झेपतं त्यांनाच हे लागू, बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारायचं, हे ठळक छापा. छापलं. मराठीत.

वडिलांनी चष्मा लावून तिन्ही चित्रं बघितली. मला वाटलं, आता तरी.

"अपुरं आहे," ते म्हणाले.

"काय अपुरं आहे?"

"चौथं चित्र हवं. म्हातारा परत नळी लावतोय. नाही तर ओवाळून झालं की... सगळे फराळाला बसतील."

"बाबा, असं कोण विसरेल?"

"ज्याला श्वास येतो तो विसरतो."

मी चौथं चित्र घातलं. वाद घालायला वेळ नव्हता.

यंत्र ठेवून घेतो म्हणाले, पण एका अटीवर. बिल हवं. पूर्ण किमतीचं, कराच्या पावतीसकट. मी चिडले. घरच्या माणसाला बिल? "हो," ते म्हणाले. "फुकट घेतलं की तक्रार करता येत नाही." मी बिल केलं. त्यांनी पैसे मोजून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक झाले. झडपेचा आवाज झोपेत त्रास देतो. चाकं पलंगाखाली अडकतात. पाण्याची बाटली काढायला दोन हात लागतात. म्हाताऱ्याचा दुसरा हात काठीवर असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? शेडवरचा फोन वाजला आणि नवऱ्याचा चेहरा पडला की मला समजायचं, 'ग्राहक' बोलतोय. यातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या होत्या. त्यामुळे जास्त राग यायचा. बाटलीचं झाकण आम्ही बदललं. ते त्यांना कळवलं नाही.

जे भाडं जायचं ते थांबलं, तशी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं पहिल्यांदा गॅलरीत जाऊन कबुतरांसाठी लावलेली जाळी, तिच्यापलीकडचा घाणीचा थर बघितला आणि म्हणाली, "ही एवढी घाण होती होय?"

पुढचा पाडवा आला. आई ताट घेऊन तयार, डोळे लख्ख. क्रमानं सगळं. तेल गालाला नाही, फक्त टाळूला, तेही पुसलेलं. यंत्र बंद, नळी बाजूला. सदरा बदलला. गॅलरीत खुर्ची. थोडा वेळ थांबायचं होतं, ते थांबलो. वडिलांचे हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. मिशी परत आली होती, पहिल्यापेक्षा विरळ.

"आटपा," ते म्हणाले. "श्वास कंपनीचा नाही. माझा आहे."

आईनं ओवाळलं. ताट हातभर लांब. मग मी. निरांजनाच्या उजेडात ते माझ्याकडे असं बघत होते की जणू मी निविदा भरायला आलेय. कुंकू, अक्षता, सगळं नीट झालं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ताटात पाकीट टाकलं. निरांजन मी आत देवापाशी नेऊन ठेवलं. नवरा म्हणाला, "थांबा, एक फोटो. आई, तुम्ही इकडे या. चष्मा काढा. नाही, राहू दे, घाला." आई म्हणाली, "अगं, चकल्यांचा डबा उघडा राहिलाय, मऊ पडतील." मी डबा लावायला आत गेले. चकली एक मोडकी होती ती तोंडात टाकली. करंज्या पाहुण्यांसाठी वेगळ्या काढायच्या होत्या त्या काढायला लागले.

ठक ठक आवाज आला.

वडील काठीनं दाराच्या चौकटीवर ठोकत होते. बोलत नव्हते. तोंड उघडं, ओठ निळसर. काठी त्यांनी उचलली आणि गॅलरीतून हॉलमधल्या यंत्राकडे रोखली. स्टिकरकडे. शेवटच्या चित्राकडे.

मी धावले. बटण. 'फुस्स'. नळी कानांवरून, नाकात. आई त्यांची पाठ चोळत होती. नवरा हातात मोबाईल धरून तसाच उभा. खोलीत आमच्या यंत्राचा आवाज सुरू झाला, तोच जो त्यांना झोपेत त्रास देतो. एक नळकांडं, झडप, दुसरं नळकांडं. ओठांचा रंग परत यायला लागला.

माझ्या तोंडात अजून चकली होती.

"तक्रार," ते म्हणाले, जेव्हा म्हणता आलं तेव्हा.

"सांगा."

"चौथं चित्र... लहान आहे." दोन श्वास घेतले. "मोठं कर. सगळ्यात मोठं."

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, मग एक उघडला.

"आणि चित्रात चकली खाणारी बाई दाखव," ते म्हणाले. "म्हणजे लोकांना वाटेल, हे आपल्याला लागू आहे."